तळे, विद्यापीठ आणि टिकाऊपणाचे शिक्षण

म्हैसूर शहराच्या पश्चिम अंगाला कुक्करहळ्ळी नावाचे एक तळे आहे. एका बाजूला विद्यापीठाचे मुख्य कार्यालय असलेला क्रॉफर्ड हॉल आणि दुसऱ्या बाजूला मानसगंगोत्री हा विद्यापीठाचा सातशेहून अधिक एकरांचा विस्तीर्ण परिसर, अशा दोन वास्तूंच्या मधोमध हे पाणी पसरले आहे. त्याचा परीघ सुमारे पाच किलोमीटरांचा आहे. पहाटे बांधावरून फेरी मारणाऱ्यांची येथे गर्दी असते. त्याच वेळी पाण्यातील बेटांवरच्या झाडांवर चित्रबलाक, पाणकावळे आणि गळ्याशी पिशवी बाळगणारे झोळीवाले, म्हणजे पेलिकन, आपल्या उद्योगाला लागलेले दिसतात. पाहणाऱ्याला वाटावे की विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांच्या मनोरंजनासाठी हे तळे बांधून घेतले असावे. वस्तुतः क्रम उलटा आहे. तळे १८६४ मध्ये मुम्मडी कृष्णराज वडेयर, म्हणजे तिसरे कृष्णराज, यांच्या कारकिर्दीत शहराबाहेरच्या शेतीला पाणी मिळावे म्हणून बांधले गेले. विद्यापीठ त्यानंतर ५२ वर्षांनी, २७ जुलै १९१६ रोजी स्थापन झाले. मानसगंगोत्रीचा परिसर तर १९६० मधला. कन्नड महाकवी कुवेंपु कुलगुरू असताना त्याची उभारणी झाली आणि ‘मानसातील गंगेचे उगमस्थान’ असा अर्थ असलेले ते नावही त्यांनीच दिले.

आज या तळ्याची देखभाल विद्यापीठाकडे आहे. सकृद्दर्शनी ही बाब किरकोळ वाटेल. परंतु एखादी विद्यासंस्था ज्या वस्तूविषयी ज्ञान मिळवते तिच्याच राखणीची जबाबदारीही त्या संस्थेवर आहे, असा योग क्वचित येतो. तळे राखी तो पाणी चाखी, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे राखणदाराला पाणी चाखता येणार नाही, इतके ते मध्यंतरीच्या काळात बिघडले. ते का बिघडले, याचे उत्तर विद्यापीठातील कोणत्याही एका विभागाकडे नव्हते, आणि आजही नाही.

प्रथम रसायनशास्त्राकडे जाऊ. वरच्या अंगाच्या वस्त्यांतील सांडपाणी तळ्यात उतरू लागले, की त्याबरोबर मलमूत्रातील व धुण्याच्या साबणचुऱ्यातील नत्र आणि स्फुरद येतात. शेतकऱ्याला ही दोन्ही नावे परिचित आहेत. खताच्या पोत्यावर ती लिहिलेली असतात. शेतात जे पिकाला वाढवते तेच तळ्यात शेवाळाला वाढवते. अनुकूल परिस्थितीत एका ग्रॅम स्फुरदाच्या बळावर सुमारे शंभर ग्रॅम सुक्या वजनाचे शेवाळ तयार होऊ शकते, एवढे सांगितले तरी सांडपाण्याचा एक बारीकसा ओहोळ काय करू शकतो याची कल्पना यावी. पाणी हिरवे होते, सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचेनासा होतो, तळाच्या वनस्पती मरतात. मग शेवाळही मरते व कुजते, आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. २५ अंश तपमानाच्या एका लिटर पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. तो निम्म्याखाली गेला की पुष्कळ जातींच्या माशांचा जीव गुदमरू लागतो.

येथवर विषय सोपा आहे. परंतु विद्यार्थ्याने दुपारी दोन वाजता अशा हिरव्या तळ्यातील पाणी बाटलीत भरून आणले, तर त्यात प्राणवायू भरपूर, कित्येकदा मर्यादेहून अधिक आढळतो. कारण उन्हात शेवाळ स्वतःच प्राणवायू निर्माण करीत असते. रात्री ही निर्मिती थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. पाण्याची खरी दैना सूर्योदयापूर्वीच्या तासाभरात असते. प्रयोगशाळा दहा वाजता उघडत असेल, तर तळ्याचा आजार तिला कधीच दिसणार नाही. मेलेले मासे तरंगताना प्रथम पाहतो तो पहाटे फिरायला आलेला निवृत्त गृहस्थ, नाहीतर जाळे टाकणारा कोळी. त्यांनी पाहिलेले आणि प्रयोगशाळेने मोजलेले एकाच वहीत यावे, ही आपल्या विषयाची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी अधिक अवघड आहे. सांडपाणी तळ्यात का येते? गुरुत्वाकर्षणामुळे, हे भूगोलाचे उत्तर झाले. पण शहराचा उतार काही काल बदलला नाही. १८९० च्या दशकाच्या अखेरीस म्हैसुरात प्लेगची साथ आली, आणि तिच्या धसक्याने १९०३ मध्ये ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड’ हे शहरसुधारणेचे मंडळ स्थापन झाले. भारतातील अशा पहिल्या मंडळांत त्याची गणना होते. रुंद रस्ते, मोकळ्या वसाहती आणि भूमिगत गटारे ही या शहराची ख्याती तेव्हापासूनची आहे. परंतु शहर वाढत गेले तसे ज्या शेतीसाठी तळे बांधले होते तीच शेती घरांखाली गेली. तळ्याला आता लाभक्षेत्र उरले नाही. पाण्याच्या पाळ्या ठरवणारे, तुबाची दारे उघडणारे, उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकणारे शेतकरीही उरले नाहीत. ज्याचा कोणी धनी नाही अशा पाणवठ्यात गटार सोडणे सोपे असते. म्हणजे प्राणवायू कमी होण्याचे एक कारण शहराच्या जमीन-वापराच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास कोणत्याही परीक्षानळीत दिसत नाही.

ज्याला आज ‘शाश्वत विकास’ किंवा साध्या शब्दांत टिकाऊपणा म्हणतात, त्याचा अभ्यास विद्याशाखांच्या भिंती ओलांडून का करावा लागतो, हे या एका तळ्यावरून बरेचसे ध्यानात येईल. कल्पना नवी नाही. सॅक्सनीतील खाणखात्याचा अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ मध्ये लिहिलेल्या वनविषयक ग्रंथात, जंगलाची जेवढी वाढ होते तेवढीच तोड करावी, हा विचार मांडला होता. खाणींतील भट्ट्यांना लाकूड अपुरे पडू लागले ही त्यामागची अडचण होती. १९७२ ची स्टॉकहोम परिषद आणि १९८७ चा ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल यांनी तो विचार जंगलापुरता न ठेवता साऱ्या मानवी व्यवहाराला लावला. एवढा विस्तार झाल्यावर मात्र शब्द पातळ झाला. काय टिकवायचे, कोणासाठी आणि कोणाच्या खर्चाने, हे तीन प्रश्न न विचारता जो टिकाऊपणाविषयी बोलतो तो बहुधा काहीच सांगत नसतो.

म्हैसूर विद्यापीठाच्या स्थापनेमागे असा काही व्यापक हेतू होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि संस्थानी मुलखात निघालेले हे देशातील पहिले विद्यापीठ. नाल्वडी कृष्णराज वडेयर हे त्याचे पहिले कुलपती, आणि त्यांचे दिवाण सर एम. विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकलेले व मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दीर्घकाळ काम केलेले अभियंते होते. पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर त्यांनी बसवलेल्या स्वयंचलित दारांची हकिकत मराठी वाचकास ठाऊक असेलच. १९२१ पासून जवळजवळ दशकभर ब्रजेंद्रनाथ सील हे कुलगुरू होते. गणित, तत्त्वज्ञान आणि प्राचीन हिंदूंचे भौतिक ज्ञान या सर्वांत सारखाच संचार असलेला हा पंडित होता. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस हा मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ असलेला स्कॉटिश गृहस्थ समाजशास्त्राचे अध्यापन करीत होता, आणि शहराचा अभ्यास नदीच्या खोऱ्यापासून सुरू करावा, असे विद्यार्थ्यांना सांगत होता. आपल्या विद्यापीठांची सुरुवात अशी मोकळी झाली. पुढे पदव्या, परीक्षा आणि नेमणुका यांच्या सोयीसाठी खोल्या पाडल्या गेल्या, त्यांना दारे बसली, आणि दारांवर पाट्या लागल्या.

या खोल्यांची किंमत काय, हे पाहण्यासाठी म्हैसूरहून फार तर पन्नास किलोमीटर अंतरावरच्या मंड्या जिल्ह्यात जावे लागेल. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले आणि दोन दशके चालले. सिमेंटऐवजी चुना आणि सुरखी यांच्या मिश्रणाने बांधलेल्या या धरणात सुमारे ४९ अब्ज घनफूट पाणी मावते. त्याच्या कालव्याने मंड्याच्या कोरडवाहू, नाचणी पिकवणाऱ्या मुलखात भात आणि ऊस आणला. १९३३ मध्ये मंड्याला साखर कारखाना निघाला. कालव्याच्या आखणीत अभियंत्यांनी चूक केली, असे कोणी म्हणणार नाही. पाणी उताराने जाते. जे गाव पातळीच्या खाली ते भिजले, जे वर ते कोरडे राहिले.

१९५४ ते १९५६ या काळात स्कार्लेट एपस्टाइन ही तरुण संशोधक या भागात येऊन राहिली. व्हिएन्नात जन्मलेली, नाझींच्या छळामुळे इंग्लंडला आलेली ही बाई अर्थशास्त्र शिकली होती आणि मानवशास्त्राकडे वळली होती. तिने दोन गावे निवडली आणि ग्रंथात त्यांना टोपणनावे दिली: एक वांगला, ज्याला कालव्याचे पाणी मिळाले, दुसरे डलेना, ज्याच्या जमिनी उंचावर असल्याने भोवताली ओलित होऊनही ते कोरडेच राहिले. तिचा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष असा की, ज्या गावाला पाणी मिळाले ते सधन झाले खरे, परंतु त्याची समाजरचना फारशी बदलली नाही. पूर्वीचेच पीक अधिक आणि अधिक मोलाचे, एवढाच फरक. शेतकरी जातीचे प्रमुख आणि त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या राबणारी दलित कुटुंबे यांचे वंशपरंपरागत संबंध टिकले, किंबहुना मजुरांची गरज वाढल्याने घट्टच झाले. कोरड्या गावाला मात्र स्वस्थ बसणे परवडणारे नव्हते. तेथील लोकांनी शेजारच्या गावांत ओलिताच्या जमिनी घेतल्या, बैलगाड्यांनी ऊस वाहिला, गुरांचा व्यापार केला, मंड्याला नोकऱ्या धरल्या. आणि तेथेच जुने संबंध सैल पडले, गावकीतील मानपान बदलले, प्रतिष्ठेची नवी मापे आली.

पाणी न मिळालेले गाव अधिक बदलले! ही गोष्ट जलशास्त्राला सांगता आली नसती, कारण त्याच्या दृष्टीने डलेना हा नकाशावरचा लाभक्षेत्राबाहेरील ठिपका होता. अर्थशास्त्राला वांगलाचे वाढलेले उत्पन्न दिसले असते व तेवढ्यावर ते संतुष्ट झाले असते. दोन्ही गावे एकत्र पाहणारी, हिशेबाची वही आणि लग्नातील मानाच्या विड्याचा क्रम दोन्ही टिपणारी व्यक्ती तेथे दोन वर्षे राहिली, म्हणून हे कळले. १९७० मध्ये ती पुन्हा आली, आणि १९७३ च्या ग्रंथात तिने एक कटू निरीक्षण जोडले: मधल्या काळात सधन आणि निर्धन यांच्यातील अंतर वाढले होते. पाणी टिकले, उत्पन्न टिकले, पण जे टिकले ते कोणाच्या वाट्याला गेले, हा प्रश्न उरलाच.

म्हैसुरात जन्मलेले, महाराजा कॉलेजात शिकलेले आणि पुढे मुंबईला गो. स. घुर्ये यांचे विद्यार्थी झालेले एम. एन. श्रीनिवास यांनीही १९४८ मध्ये याच मुलखातील एका ओलिताच्या गावी, ‘रामपुरा’ या टोपणनावाच्या खेड्यात, मुक्काम केला होता. त्यांची टिपणे १९७० मध्ये अमेरिकेतील एका आगीत जळाली आणि १९७६ चा त्यांचा ग्रंथ बव्हंशी स्मरणावर उभा राहिला. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा ग्रंथ नेमलेला असतो. जलसिंचनाच्या विद्यार्थ्याला तो कोणी हाती देत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हे अगदी उलट असावयास हवे; समाजशास्त्रज्ञाला निदान गाव म्हणजे काय हे माहीत असते.

दुसरे उदाहरण जंगलाचे. म्हैसूरच्या आग्नेयेस बिळिगिरिरंगन टेकड्या आहेत. हा भाग १९९७ पर्यंत म्हैसूर जिल्ह्यात होता, आता चामराजनगर जिल्ह्यात आहे. येथे सोलिगा हे आदिवासी राहतात. उन्हाळा कडक होण्यापूर्वीच जमिनीवरचा पालापाचोळा हलक्या आगीने जाळण्याची त्यांची रीत होती. तिला ते ‘तरगु बेंकी’, म्हणजे पाचोळ्याची आग, म्हणत. १९७४ मध्ये हे जंगल अभयारण्य झाले. फिरती शेती बंद झाली, आगीवर बंदी आली. वनखात्याच्या दृष्टीने आग म्हणजे आग. ती कोणत्या महिन्यात, किती उंचीची आणि कोणाच्या हातची, हा भेद नियमात नव्हता.

त्यानंतरच्या दशकांत जंगलात घाणेरी माजली. आपल्या माळांवर व कुंपणांत रंगीबेरंगी फुलांचे गुच्छ मिरवणारी ही घाणेरी मूळची अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आणली गेली. १९९७ आणि २००८ मध्ये त्याच त्या ठिकाणी केलेल्या मोजण्यांची तुलना करता या टेकड्यांत तिचे प्रमाण फार वाढल्याचे आढळून आले. सोलिगांचे म्हणणे असे की, पाचोळ्याच्या आगीत घाणेरीचे बी आणि रोप जळून जात असे. आग थांबली म्हणून ती वाढली. पुष्कळ परिस्थितिविज्ञांची धारणा नेमकी विरुद्ध होती: आगीमुळे जंगल उघडे पडते, आणि तेथे प्रथम घाणेरीच शिरते. दोन्ही म्हणणी खरी असू शकतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. जेथे घाणेरी अजून दाट नाही तेथील जानेवारीतली हलकी आग, आणि जेथे तिचे पुरुषभर उंच जाळे झाले आहे तेथे एप्रिलमध्ये भडकणारा वणवा, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आवळ्याच्या बाबतीत हा वाद अधिक टोकदार झाला. सोलिगा जंगलातील आवळा गोळा करून विकत. आवळ्याची झाडे खालावत आहेत असे दिसल्यावर पहिला संशय अर्थातच गोळा करणाऱ्यांवर गेला. सोलिगा मात्र बांडगुळाकडे बोट दाखवीत होते. आग थांबल्यापासून आवळ्यावर बांडगूळ चढले, असे ते सांगत. संशोधकांनी मोजणी केली तेव्हा बांडगुळाचा प्रादुर्भाव हे झाडांच्या मृत्यूचे मोठे कारण असल्याचे दिसून आले, आणि जाणकारांचे पारंपरिक ज्ञान बाजूला ठेवून केलेले व्यवस्थापन अपुरे ठरते, असा निष्कर्ष त्यांना काढावा लागला. दरम्यान अभयारण्यांतून विक्रीसाठी वनोपज नेण्यावर बंदी आली होती. आवळे काढायला जो झाडावर चढतो तोच बांडगूळ छाटू शकतो. त्यालाच मज्जाव झाला, तर झाडाकडे बघणार कोण? २०११ मध्ये हे जंगल व्याघ्र प्रकल्प झाले आणि त्याच वर्षी सोलिगांच्या ग्रामसभांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्कही मिळाले. व्याघ्र प्रकल्पात असे हक्क मान्य होण्याचा हा देशातील पहिला प्रसंग.

याच जातीची एक गोष्ट मराठी वाचकाच्या अधिक जवळची आहे. पुण्यात जन्मलेले माधव गाडगीळ १९७० च्या दशकात कर्नाटकातील बांबूचा अभ्यास करीत होते. बांबूच्या बेटाच्या बुंध्याशी असलेले काटेरी जाळे साफ केल्यास बेट निरोगी राहते, अशी वनखात्याची समजूत होती. गावकरी म्हणाले, काटे काढले की कोवळे कोंब जनावरे खातात. प्रयोग करून पाहता गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. त्यापूर्वी गाडगिळांनी वा. द. वर्तक यांच्यासह महाराष्ट्रातील देवरायांची पाहणी केली होती. देवरायांत झाडांच्या नोंदीइतकीच देवाच्या कोपाचीही नोंद करावी लागते, कारण पुष्कळ ठिकाणी कुऱ्हाड थांबवणारे दुसरे काहीच नसते.

आता शिक्षणाकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर अनिवार्य करण्याचा आदेश दिला. प्रत्यक्षात तो पदवी-वर्गापर्यंत पोचायला बारा-तेरा वर्षे लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा एकच अभ्यासक्रम ठरवला आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे शल्यचिकित्सक व निसर्ग-अभ्यासक इराच भरुचा यांनी लिहिले. त्या अभ्यासक्रमात स्थानिक पाणवठा, टेकडी किंवा प्रदूषित जागा पाहून येण्याचे काम मुद्दाम घातलेले होते. हेतू उत्तम होता. परंतु ज्या विषयाला स्वतःचा शिक्षक नाही, ज्याचे गुण श्रेणीत धरले जातील की नाही याची खात्री नाही, तो विषय आपल्या महाविद्यालयांत कसा शिकवला जातो हे सांगावयास नको. मार्गदर्शिकांच्या प्रश्नोत्तरांत तळे कधी ओले होत नाही.

संशोधनाच्या वाटेवरचे अडथळे निराळे आहेत. रसायनशास्त्रज्ञ आणि इतिहासकार यांनी मिळून लिहिलेला निबंध कोणत्या नियतकालिकाने छापावा, त्याचे परीक्षण कोणी करावे, आणि बढतीच्या वेळी त्याचे श्रेय कोणत्या विभागाच्या खाती पडावे? हे प्रश्न क्षुद्र वाटतात, पण तरुण अध्यापकाचे पोट त्यांवर अवलंबून असते. शिवाय शास्त्राशास्त्रांत ‘पुरावा’ या शब्दाचा अर्थ बदलतो. एकाला तीस नमुन्यांची सरासरी हवी, दुसऱ्याला एका म्हाताऱ्या कोळ्याची दोन तासांची आठवण पुरते. दोघांनी परस्परांची वही वाचायला शिकणे हे एका सत्रात होणारे काम नव्हे. केवळ पाच विभागांचे पाच प्रमुख एका समितीत बसवले म्हणजे आंतरविद्याशाखीय संशोधन झाले, अशी जी समजूत बळावत आहे तिच्यामुळे अहवालांची जाडी तेवढी वाढते.

मग करावे काय? या दृष्टीने कुक्करहळ्ळीचे तळे विद्यापीठाच्या उंबरठ्यावर आहे, ही मोठीच सोय आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने शेवाळाच्या जाती ओळखाव्यात, भूगोलाच्या विद्यार्थ्याने पाणलोट क्षेत्राचा जुना आणि नवा नकाशा एकावर एक ठेवून पाहावा, कायद्याच्या विद्यार्थ्याने तळ्याकाठच्या जमिनीच्या मालकीचे कागद वाचावेत, आणि कन्नडच्या विद्यार्थ्याने या बांधावरून रोज फिरणाऱ्या कुवेंपूंच्या कवितेत हे पाणी कसे उतरले ते शोधावे. नंतर चौघांनी मिळून एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. या शेवटच्या वाक्यात सारी अडचण आहे, कारण तो प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

सांडपाणी वळवले पाहिजे, यावर सर्वांचे एकमत होईल. पण सांडपाणी वळवले की तळ्याची आवकही आटते. ज्या उतारांवरून पूर्वी पावसाचे पाणी येत असे तेथे आता घरे आणि रस्ते आहेत. दिवाण पूर्णय्या यांच्या नावाने ओळखला जाणारा आणि या तळ्याला पाणी पुरवणारा जुना पाट बांधकामांनी व अतिक्रमणांनी जागोजागी तुटला आहे. तेव्हा घाण पाण्याचे भरलेले तळे, की स्वच्छ परंतु उन्हाळ्यात उघडे पडणारे तळे, अशी निवड करावी लागते. मासे खाणाऱ्या पक्ष्यांना उथळ पाणी काही मर्यादेपर्यंत सोयीचे असते. बेटाभोवतीचे पाणी हटले की मात्र कुत्र्यांना घरट्यांपर्यंत वाट मिळते. गाळ काढावा, तर कधी व किती? सरसकट खोल केलेल्या तळ्यात पाण्यात चालून भक्ष्य शोधणाऱ्या बगळ्या-करकोच्यांना उभे राहायला जागा उरत नाही. फिरायला येणाऱ्यांना फरसबंद वाट आणि दिवे हवेत. पाखरांना अंधार हवा. आणि ही पाखरे तरी ‘नैसर्गिक’ आहेत का? येथून जवळच, श्रीरंगपट्टणाशेजारी, कावेरीच्या पात्रातील रंगनतिट्टूची बेटे सतराव्या शतकात, १६४५ ते १६४८ दरम्यान, नदीवर बंधारा घातल्यामुळे निर्माण झाली. सलीम अलींच्या आग्रहावरून १९४० मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी ती पक्ष्यांसाठी राखून ठेवली, तेव्हा ती तीनशे वर्षांची मानवनिर्मित गोष्टच राखली गेली. शेतीसाठी केलेले काम पाखरांच्या कामी आले; शेती गेली आणि पाखरे राहिली.

कुक्करहळ्ळीच्या तळ्याचे मूळ स्वरूप पुन्हा आणावयाचे, असे म्हटले जाते तेव्हा यांपैकी कोणते स्वरूप अभिप्रेत असते, हे प्रत्येकाला विचारून पाहावे. १८६४ चे मूळ स्वरूप शेतकऱ्यांचे होते, आणि त्यात पाणी दर उन्हाळ्यात मुद्दाम आटू दिले जात असे, कारण ते शेतात जायचेच होते. आज बांधावर उभे राहून त्या शेतांकडे पाहू गेल्यास छपरे दिसतात. तुबाचे दार उघडावयाची वेळ आता ठरवायची आहे ती विद्यापीठाने.